शपथेतला शब्द

ज्या कुणी हा शब्द त्या शपथेत घातलास, तुझी आई पलीकडच्याच गल्लीत राहत असणार. रविवारी गाडी काढून तिच्या हातचं जेवून येत असशील. समुद्रापलीकडे आई ठेवून आलेल्या माणसाच्या हातून असा शब्द लिहून होत नाही.

शब्द फळ्यावर होता. रिनाउन्स. प्रतिमाकाकूंनी निळ्या मार्करनं ठळक लिहिलेला. अमेरिकेतल्या शुगर लँड गावच्या लायब्ररीतला त्यांचा इंग्रजीचा वर्ग सुटला होता. बाकीचे आपापल्या गाड्या काढून गेले, ताम तेवढी बसून राहिली. कपडे आल्टर करायच्या दुकानातून ती थेट वर्गाला यायची, कॉलरला टाचण्या तशाच. मंगळवारी तिची नागरिकत्वाची मुलाखत होती. मुलाखत घेणारा मध्येच शपथेतल्या एखाद्या शब्दाचा अर्थ विचारतो, असं सगळे सांगत. आणि नागरिक झाल्याशिवाय तिला व्हिएतनाममधल्या आईला इकडे आणता येणार नव्हतं.

काकूंच्या वर्गाचा नियम एकच. नवा शब्द आला की आपल्या घरचं वाक्य करायचं. तामच्या प्रत्येक वाक्यात आई. स्टबर्न: माझी आई स्टबर्न आहे, दात दुखतो पण डॉक्टरला दाखवत नाही. रिपेअर: आई पंखा रिपेअर करते, मग पंखा आणखी बिघडतो. वर्ग हसायचा. त्या बाईला न बघताच सगळे ओळखायला लागले होते.

"कर ना वाक्य," काकू म्हणाल्या.

"आधी अर्थ, को." को म्हणजे तिच्या भाषेत आत्या, आणि शाळेतल्या बाईसुद्धा. तामचं इंग्रजी तुटक होतं, पण नेम चुकत नव्हता.

"सोडणं. कायमचं. आता हे माझं नाही, असं चारचौघांत सांगणं."

"आय रिनाउन्स..." ताम म्हणाली.

"अगं, सोपं कर. आय रिनाउन्स शुगर. डायबेटिस झाला, साखर सोडली. झालं वाक्य!"

"शपथेत साखर नाही, को."

काकूंना हसू आलं, पण अर्धंच. "हे बघ, तिथं परक्या राजाबद्दल लिहिलंय, परक्या देशाबद्दल. त्यांच्याशी आता माझं इमान नाही, एवढंच म्हणायचं. आईचा काय संबंध?"

"कुठला राजा? मला कधी भेटला नाही. त्या देशात माझी आई राहते."

"फॉर्मॅलिटी असते गं. मीपण म्हटलंय. मोठा हॉल, हात वर करायचा, सगळ्यांबरोबर म्हणायचं. मग छोटा झेंडा घेऊन फोटो."

फॉर्मॅलिटी. काहीही गिळायचं असलं की हा शब्द बरा पडतो.

"तुमच्या भाषेत म्हटलं?"

"छे, इंग्रजीत."

"तुमच्या भाषेत काय म्हणतात?"

काकूंनी सांगायला तोंड उघडलं. काय म्हणतात? पाणी सोडणं. तुळशीपत्र ठेवणं. नाव टाकणं. इंग्रजीतला तो शब्द त्यांनी गोळीसारखा घोटभर पाण्याबरोबर गिळला होता. मराठीत जिभेवर आला, आणि अमरावतीच्या स्टँडवर एसटीच्या खिडकीतून दशम्यांचं पुडकं आत सरकवणारा एक हात त्यांना दिसला. गर्दीत बांगड्या फुटू नयेत म्हणून कोपरापर्यंत मागे सारलेल्या.

"आमच्यात असं कुणी म्हणत नाही," त्या म्हणाल्या.

"आमच्यात म्हणतात. भांडणात. मग संध्याकाळी जेवायला हाक मारतात."

"मंगळवारी म्हणशील ना पण?"

तामनं फळ्याकडे पाहिलं. "नाही म्हटलं, तर आई येत नाही. म्हटलं, तर कुठल्या तोंडानं आणू?"

इतक्यात तामचा फोन वाजला. इकडे वर्ग सुटला की तिकडे आईकडे सकाळ झालेली असायची. आधी पडद्यावर नुसतं एक कपाळ आणि एक डोळा. मग म्हातारीनं फोन लांब धरला. मागे कोंबडा ओरडत होता.

"हॅलो टीचर! आय ॲम पंक्च्युअल!"

अमेरिकेला जायचं, तर लोक हसायला नकोत, म्हणून म्हातारी तिकडे बसून शिकत होती. लेकीला मिळेल तो शब्द तिलाही हवा असायचा. दिवसभर तो तोंडात घोळवायची, मासळीवालीवरसुद्धा वापरून बघायची.

"टुडे वर्ड?"

ताम आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटली. आज काही शिकवलं नाही, असंच असावं, कारण म्हातारी खदखदून हसली आणि तिनं लेकीच्या खांद्यामागे बोट दाखवलं.

फळा.

काकू डस्टर घेऊन झेपावल्या.

"नो, टीचर! नो!"

त्यांचा हात वरच राहिला. म्हातारी डोळे बारीक करून एकेक अक्षर लावू लागली. चुकली. परत पहिल्यापासून. जमलं तशी तिनं स्वतःच टाळी वाजवली, आणि त्या नादात फोन हातातून निसटता निसटता वाचला.

"रि-नाउन्स! गुड?"

"गुड," काकू म्हणाल्या.

"मीनिंग?"

ताम मान वर करेना.

"मीनिंग?" म्हातारी पडद्याच्या अगदी जवळ आली. आता तिला लेक नको होती, बाई हव्या होत्या. "टीचर! मीनिंग?"