खिडकीवाल्याचा सल्ला

"बाबा, तो उभा घ्यायला सांगतोय," मुलगी फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली. "आडवे व्हिडिओ आता कुणी बघत नाही."

फोटोग्राफरने आडवा बसवलेला कॅमेरा निमूट उभा केला. तीस वर्षं या स्टुडिओत त्याचा शब्द शेवटचा होता. आता शेवटचा शब्द खिडकीवाल्याचा.

हा खिडकीवाला कोण, ते मुलीलाही ठाऊक नव्हतं. त्याच्या अकाउंटवर नावाच्या जागी नुसता ठिपका आणि फोटोत एक अर्धी उघडी खिडकी, म्हणून तिनेच ठेवलेलं नाव. वर्षभरापूर्वी स्टुडिओच्या पेजवर त्याने पहिल्यांदा लिहिलं होतं, 'बाळाच्या तोंडावर दिवा नको, खिडकीचा उजेड पुरे.' मुलीने तसं करून पाहिलं. तो व्हिडिओ हजारो लोकांनी पाहिला, बंद पडायला आलेल्या स्टुडिओत पुन्हा माणसं दिसू लागली. तेव्हापासून ती त्याला विचारल्याशिवाय पाऊल टाकेना.

फोटोग्राफरच्या पोटात दुखायला लागलं ते तेव्हापासून.

वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याने शनिवारचा क्लास लावला. वहीत ठळक लिहून घेतलं, 'व्हिडिओ एका मिनिटाचा.' तो हात बसेपर्यंत वीस सेकंदांची टूम निघाली. मागे गाणं जोडायला शिकला, तर लोकांना म्हणे स्टुडिओतलाच खराखुरा आवाज हवा. दर वेळी हा धापा टाकत पोचायचा आणि खिडकीवाला तिथे आधीच मांडी ठोकून बसलेला.

"एवढं कळतं तर स्वतःचं दुकान का टाकत नाही लेकाचा?" तो बायकोजवळ धुसफुसला.

बायको ओळखपत्रांचे फोटो कापत होती. पडदे ओढणं, गिऱ्हाइकाची कॉलर नीट करणं, पांढरा पुठ्ठा धरून उजेड वळवणं ही तिची कामं. लग्न झाल्यापासून ती हेच करत आली होती.

"सवड नसेल," ती म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तेही खरंच." तिने पुढचा फोटो कात्रीत धरला.

महिनाभराने एका सकाळी मुलीने विषय काढला. "बाबा, मी ठरवलंय. त्याला भागीदार व्हायला विचारते. पाटीवर त्याचंही नाव लावू."

"ज्याचं तोंड पाहिलं नाही, त्याचं?"

"त्याच्यामुळे शटर उघडं आहे आपलं."

"आणि मी?"

"तुम्ही आहातच की," ती म्हणाली आणि फोनकडे वळली.

ते तीन शब्द त्याला दिवसभराच्या कामापेक्षा जड गेले. आहातच की. जशी तिपाई आहे, जसा पडदा आहे. गिऱ्हाईक समोर हसत बसलं होतं आणि याला बटण दाबायचं सुचेना. कोण कुठला परका माणूस, आणि पोरगी उठता-बसता त्याचं नाव घेते. तिच्या हातात पहिला कॅमेरा दिला तो कुणी?

दुपारी जेवायला म्हणून तो स्टुडिओच्या वरच्या घरात गेला. स्वयंपाकघरात बायकोची भांड्यांची खुडबुड चालली होती. तो पुढच्या खोलीत पलंगावर टेकला, फोन काढला आणि वर्षभराचं सगळं बोटांत आणून खिडकीवाल्याला लिहिलं.

'ती माझी मुलगी आहे. मी शिकवलंय तिला. माझ्या स्टुडिओत नाक खुसपणारा तू कोण? हिमंत असेल तर समोर ये.'

पाठवलं आणि त्याला एकदम हलकं वाटलं. आता बसेल गप्प. निदान आज तरी.

मिनिटभराने उत्तर आलं.

'आधी चष्मा लावा, दोन शब्द चुकलेत. आणि पान वाढलंय, गार व्हायच्या आत या.'