दाराचं रबर

आर्विदच्या जुन्या गाडीच्या दारा-खिडक्यांतून वारा अशी शीळ घालायचा की शेजारी बसलेल्या बायकोचं, सिग्नेचं, बोलणंही ऐकू येत नसे. दर उन्हाळ्यात हालमस्टाडच्या किनाऱ्यावर कॉफी प्यायला जाताना सिग्ने वाटभर बोलायची आणि हा आपला नुसती मान डोलवायचा.

यंदा बर्फ वितळताच त्याने दारा-खिडक्यांभोवतीचं झिजलेलं रबर काढून नवं बसवलं. त्याच किनाऱ्याच्या वाटेवर पहिल्याच फेरीत गाडीत चिडीचूप!

"बोल आता! शब्द न् शब्द ऐकू येतोय," तो ऐटीत म्हणाला.

"बरं झालं. त्या पुढच्या लाल घरापाशी थांब. आई बॅगा घेऊन उभी असेल."

"तुझी आई? बॅगा कशाला?"



"अरे, आपल्याकडे कायमची राहायला येतेय ना! गेल्या उन्हाळ्यात इथेच तुला विचारलं, तर तू चक्क दोनदा मान डोलावलीस!"