येऊ दे, येऊ दे

“अगं डावीकडे. झाड काय सरकणार आहे का तुझ्यासाठी, कुंदे?”

“दिसत नाही हो नीट,” मी म्हटलं.

वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनात कॅम्परव्हॅन रिव्हर्सने लावायची होती. हे मागे उभे, घामाघूम. मी पुन्हा उलटं स्टिअरिंग फिरवलं. अलिबागपासून प्रत्येक मुक्कामी हेच करत आलेय. गाडी मला उत्तम येते. ऐकायचं असतं ते यांचं ओरडणं. यांना घशाचा कॅन्सर आहे. सोमवारी स्वरयंत्रच काढणार, मग आवाज नाही. मोबाइलवर रेकॉर्ड करू म्हटलं, तर हे चिडले.

“येऊ दे, येऊ दे...” घोगरा आवाज मध्येच थांबला. मी आरशात पाहिलं. हे माझ्याकडेच बघत होते.

“मुद्दाम करतेयस ना?”

मला खोटं बोलवेना.

यांनी गाडीच्या पत्र्यावर हात ठेवला. “एक थाप म्हणजे येऊ दे. दोन म्हणजे थांब. आतापासून सवय कर.”

थाप पडली. मी गाडी सरळ मागे घेतली. दोन थापा पडल्या, मी थांबले, इंजिन बंद केलं.

सोमवार अजून लांब होता. तरी खिडकीशी येऊन यांनी हाक मारली नाही, दारावर एक थाप मारली.