धक्का

पल्लवीने इटलीची नवी बंदूक खंडेराव सरांच्या हातात दिली. हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या अचूक टिपायला त्यांनीच तिला शिकवलं होतं. बायको इंदू गेल्यापासून तीन वर्षं मात्र ते रेंजवर फिरकले नव्हते. आज ती त्यांना गंगापूर रोडच्या घरातून बळेच घेऊन आली होती.

“क्लबमधल्या एकाची आहे, सर. मीही अशीच एक घेईन म्हणतेय. पण बारा लाख! खरंच तेवढ्या किमतीची आहे का, तुम्हीच सांगा.”

सरांनी दहा तबकड्या सोडायला सांगितल्या. दहाच्या दहा हवेतच फुटल्या.

“घे बिनधास्त,” ते म्हणाले. “खांद्याला धक्का जाणवतसुद्धा नाही.”

पण बाकावर बसताना त्यांचा चेहरा उतरला होता. ते उजवा खांदा हळूहळू चोळत होते.

“दुखतोय का, सर?”

“नाही ना दुखत. माझ्या जुन्या बंदुकीने खांदा काळानिळा व्हायचा. घरी गेलो की इंदू आंबेहळदीचा लेप लावायची. आधी रागवायची, मग लेप लावता लावता दिवसभरातलं सगळं सांगत बसायची.”

“मग तेव्हाच चांगली बंदूक का नाही घेतलीत? परवडत नव्हती?”

“परवडत होती गं,” सर म्हणाले. “दोनदा दुकानापर्यंत जाऊन तसाच परत आलो. इंदूला सांगितलं, फार महाग आहे.”