वृश्चिक राशीची पौर्णिमा

आमच्या पेपरातले भविष्यवाले काका दर पौर्णिमेला खास राशिभविष्य लिहायचे. म्हणजे काय, तर टेबलावर बिस्किटांचा जुना डबा, त्यात चिठ्ठ्या : 'प्रेमात यश', 'अचानक धनलाभ', 'नवं काम हाती घ्या'. जी हाताला लागेल ती त्या राशीच्या नशिबी. वृश्चिक तेवढी ते डबा बाजूला सारून स्वतः लिहीत. दर वेळी तेच : 'रुसवा सोडा. आजच घरी फोन करा.'

आम्ही हसायचो. "काका, वृश्चिकवाल्यांचं फोनचं बिल तुम्ही भरणार का?"

एकदा एक आजी थेट ऑफिसात आल्या आणि काकांचे हात धरून रडायलाच लागल्या. "तुमचं भविष्य वाचलं माझ्या मुलानं, आणि इतक्या वर्षांनी घरी फोन केला हो!"

काकांचा चेहरा उजळला. "माझ्या मुलीची रासही वृश्चिकच. रागावून गेलीय ती."

"मग तिचाही येईल की! वाचत असेल ना?"

काकांनी डब्याचं झाकण हळूच लावलं.

"ती कशाला वाचेल? लहानपणी या चिठ्ठ्या तीच काढून द्यायची मला."