वृंदाला काही होत नाही

दहावीच्या वर्गाला शिकवताना फळ्यावर प्रमेय लिहिता लिहिता वृंदाच्या हातून खडू पडला. घशात काटे रुतल्यासारखं झालं, बोटांना झिणझिण्या आल्या. तिला लगेच कळलं. धाकट्या भावाने, निरंजनने, काहीतरी थंडगार तोंडात घातलं होतं.

आतड्याच्या कॅन्सरसाठी त्याची किमो सुरू होती. त्या औषधाने साधं माठातलं पाणीसुद्धा घशाला टोचायचं. पण हल्ली रुग्णाचा असा त्रास सख्ख्या भावंडाला स्वतःवर घेता यायचा. दोघांच्या मनगटांवर एकेक पट्टी बांधली की झालं. चार महिने वृंदा निरंजनचा त्रास सोसत होती.

वर्ग तसाच सोडून ती शाळेमागच्या घरी तणतणत आली. निरंजन गॅलरीत बसून कुल्फी खात होता.

"लाज नाही वाटत? मुलांसमोर कळवळले मी. आणि तू मजेत कुल्फी चाट."

त्याचा हात तोंडाशीच थांबला. "ताई, तूच म्हणायचीस ना, मला काही म्हणजे काही होत नाही? दर वेळी विचारलं मी तुला."

"म्हणायचे. मग काय तुझ्यापुढे रडत बसायचं होतं?"

निरंजनने कुल्फी ताटलीत ठेवली आणि मनगटावरची पट्टी सोडायला लागला. वृंदाने फटकन त्याच्या हातावर चापट मारली.

"पट्टीला हात लावलास तर याद राख."

ती खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसली आणि तिने दोन्ही मुठी घट्ट आवळल्या.

"वितळतेय ती. खा."