आरामखुर्चीचा फोटो

जुनं सामान घेऊन विकणारा तो भंगारातलं सोनं लांबूनच हेरायचा, म्हणून सगळे त्याला घार म्हणायचे. सासरे गेल्यावर त्यांची ही सागवानी आरामखुर्ची विकणारी सून म्हणाली होती, "पैशांचं मागाहून बघू, आधी ती घराबाहेर काढा."

घारीने एकुलत्या लेकीला आतल्या खोलीत एकटीला खेळायला बसवलं, खुर्चीमागे पांढरी चादर टांगली आणि फोटो ऑनलाइन टाकला.

लगेच एका गिऱ्हाइकाचा मेसेज आला, "दादा, आजोबांना उठवून फोटो काढा की."

त्याला तर खुर्ची रिकामीच दिसत होती. दुसऱ्यानेही तेच लिहिलं. खुर्ची झटकून, पुसून त्याने नवा फोटो टाकला.

पहिल्या गिऱ्हाइकाचा मेसेज आला, "हां, आता कसं! उठले आजोबा."

त्याला हायसं वाटलं.

तेवढ्यात आतून लेकीचा आवाज आला, "आजोबा, इथे बसा ना, माझ्याजवळ."